दोन टोकांचा फळा

"थांबा रे, मधलं राह्यलं अजून."

हे वाक्य बाई तासाला एकदा तरी म्हणायच्याच. घंटा झालेली असायची, पोरांची दप्तरं आवरायची घाई सुरू झालेली असायची, आणि ह्या नखाएवढा खडू चिमटीत धरून फळ्यासमोर उभ्या. लगेच उजवीकडे मान वळवून तेच पुन्हा, "रुको, बीच का बाकी है." मग फळ्याच्या मध्यावर जाऊन त्या आकृती पुरी करायच्या. तोवर वर्गातून कुणी हलायचं नाही. हलायची कुणाची छातीच नव्हती.

तुम्ही कधी दोन्ही टोकांनी लिहिलेला फळा पाहिलाय? मी वर्षानुवर्षं पाहिला. मराठी डाव्या कडेपासून निघायची, उर्दू उजव्या कडेपासून, आणि दोघी एकमेकींकडे चालत यायच्या. मध्ये हातभर जागा बाई मोकळी सोडायच्या. तिथे आकृती: बेडकाचं पोट, जास्वंदीचा उभा छेद, विजेची घंटा. डाव्या अंगाच्या बाणांना मराठी नावं, उजव्या अंगाच्या बाणांना उर्दू. आकृती मात्र एकच. दोन का काढत नाही असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

"बेडूक काय मराठी असतो व्हय, सर?"

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी शाळेची बदनामी केली म्हणून दारात येईल, आणि मला आता भांडायची सवय राहिलेली नाही. नाही, खोटं बोललो. सवय आहे, ताकद नाही. कळमनुरी तालुक्यातलं, बाळापूरच्या अलीकडचं एक बाजाराचं गाव समजा. रस्त्यावर जीपा उभ्या, हळदीच्या दिवसांत सगळ्या गावाला शिजलेल्या हळदीचा वास. त्या गावात निजामाच्या काळातली एक दगडी शाळा होती. एकाच आवारात दोन माध्यमं, मराठी आणि उर्दू, पाचवीपासून दहावीपर्यंत. घंटा एक, मुख्याध्यापक एक, पाण्याची टाकी एक. मी तिथे मराठी शिकवायचो. मागच्या बाजूला विज्ञानाचा लांबलचक हॉल होता, वर पत्रे, दोन टोकांना दोन दारं, आणि समोरच्या भिंतीवर सिमेंटचा, काळा रंग दिलेला फळा, भिंतीइतकाच लांब. ते बाईंचं राज्य.

मुळात त्या मराठी विभागाच्या शिक्षिका. नव्वद सालानंतर केव्हातरी उर्दू विभागाचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उर्दूतून विज्ञान शिकवणारा पदवीधर आमच्या भागात शोधूनही सापडत नसे. पोरं विज्ञानाच्या तासाला मैदानात फिरत. एक दिवस बाई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "दोन्हीकडची पोरं माझ्या हॉलात बसवा. मी शिकवते." मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हाला उर्दू येतं का? बाईंनी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि उर्दूत त्यांचंच नाव लिहून पुढे सरकवलं.

त्यांचे वडील उर्दूत शिकलेले होते. त्या पिढीतले आमच्याकडचे सगळेच तसे. शेताचे कागद उर्दूत, कचेरी उर्दूत. वडिलांनी लेकीला पाटीच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू गिरवायला लावली होती. "एक बाजू बी कोरी राह्यली तर जेवायला न्हाई मिळायचं," असं त्या सांगायच्या. हे सांगतानाही त्यांचा चेहरा रागावलेलाच असायचा. प्रेमानं बोलायचं असलं तरी बाई आधी रागवायच्या.

हॉलमध्ये बसण्याची त्यांची एक रीत होती. प्रत्येक बाकावर एक मराठीचं पोरगं आणि एक उर्दूचं. मुलींचंही तसंच. कुणी आपल्या दोस्ताशेजारी बसायला सरकलं की खडू कपाळावर. नेम इतका पक्का की पोरं त्याचा अभिमान बाळगायची. आणि रागवायच्या त्या उलट्या भाषेत. मराठीच्या पोराला उर्दूत झापायचं, उर्दूच्या पोराला मराठीत. पोरगं बावचळून बघत राहायचं, मग बाई बोटानं त्याचा शेजारी दाखवायच्या. "मी काय बोलले ते त्याला इचार." मग शेजारचं पोरगं अगदी दिलखुलासपणे, पदरचे दोन शब्द घालून, बाईंची शिवी आपल्या भाषेत समजावून सांगायचं. सगळा हॉल हसायचा. बाई हसायच्या नाहीत. पाठमोऱ्या व्हायच्या आणि खांदे हलायचे, त्यावरून ओळखायचं.

मराठीची पोरं त्यांना बाई म्हणायची, उर्दूची पोरं आपा. कधी कधी उलटही व्हायचं. कुणी दुरुस्त करत नसे.

अख्खा खडू त्यांना आवडत नसे. "आख्खा खडू माणसाला उधळ्या करतो," म्हणायच्या. इतर वर्गांतले टाकून दिलेले तुकडे वेचून एका तेलाच्या डबीत ठेवायच्या. आणि गालात भाजलेल्या हळकुंडाचा तुकडा. घसा आधीपासून नाजूक, एकच धडा दोनदा, दोन भाषांत, पत्र्याच्या हॉलात ओरडून सांगायचा. पाऊस असला की पत्र्यावरच्या आवाजाच्या वर. त्या हळकुंडानं त्यांची जीभ कायम पिवळी असायची. रागाचा पारा चढला की ती पिवळी जीभ दिसायची आणि मग पोरं गप्प होत. सांगून कुणाला पटणार नाही, पण त्या हॉलातून निघालेली पोरं दोन्ही भाषांत विज्ञान बोलायची. माझ्या मराठीच्या तासाला एका पोरानं निबंधात 'फेफडे' लिहिलं. मी खोडलं नाही.

आता रागाची गोष्ट सांगतो.

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. सगळ्यांनाच आनंद झाला होता, मलाही. कामासाठी परभणीला हेलपाटे घालायचे संपले. पण आमच्या संस्थेचे सचिव होते, त्यांच्या डोक्यात निराळाच उजेड पडला. शिक्षण खातं आता हाकेच्या अंतरावर आलं होतं. एका शाळेच्या दोन शाळा केल्या तर दोन मान्यता मिळतात, दोन मुख्याध्यापक नेमता येतात, दोन पर्यवेक्षक. उर्दू विभागाच्या समितीचे एक सदरसाहेब, म्हणजे अध्यक्ष, होते, त्यांनाही हे लगेच समजलं. समजायला वेळ लागत नाही असल्या गोष्टी. सचिवांचा जावई बी.एड. होऊन घरी बसला होता, सदरसाहेबांचा पुतण्याही.

तुम्हाला वाटेल दोन समाजांचं काहीतरी वाजलं असेल. काही वाजलं नाही. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, भांडणाचं निदान कारण तरी सांगावं लागतं. हे दोघं शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून, एकमेकांना पान देऊन, हसत हसत शाळा कापून मोकळे झाले. बाहेर मात्र सांगितलं, 'ज्याची त्याची संस्कृती जपली पाहिजे.' हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शिक्षकांची सभा झाली. सचिवांनी सगळं समजावून सांगितलं. आवारात तारेचं कुंपण येईल, दिवाळीच्या सुट्टीत हॉलमध्ये मधोमध भिंत उभी राहील, अर्धा हॉल इकडे, अर्धा तिकडे. मुख्याध्यापक मान डोलवत होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. बाई उठल्या.

"त्या लेकरायला विज्ञान कोण शिकवणार?"

"जाहिरात देऊन राहिलो की आमी, बाई," सचिव म्हणाले.

"मागं बी दिली होती. कोन आलं?"

"येईल. नवी शाळा, नवा माणूस."

"आन् तवर?"

"तवर..." सचिवांनी सदरसाहेबांकडे पाहिलं. सदरसाहेबांनी छताकडे पाहिलं. "थोडी तकलीफ होणारच, बाई. चांगल्या कामाला होतीच."

"तकलीफ तुमाला हुती का?" बाईंनी विचारलं. "मला सांगा, भिंत बांधायची तर बांधा. दहावीचं वरीस हाय त्यायचं. ती पोरं माझ्या समोरून उठवून कुटं बसवायलात तुमी?"

मीही बोललो. आणखी दोघं बोलले. सचिवांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि दिवाळीत भिंत बांधली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम हॉलकडे गेलो. भिंत विटांची होती, गिलावा अजून ओला. आडव्या फळ्याच्या बरोबर मध्यावर येऊन टेकली होती. मराठीला फळ्याची डावी बाजू आली, उर्दूला उजवी. वर पत्र्यापर्यंत मात्र भिंत गेली नव्हती. विटा कमी पडल्या की गवंड्याची मजुरी, कुणास ठाऊक, वर दोनेक फुटांची फट राहिली होती. बाई शिकवत होत्या. डाव्या कडेपासून लिहीत लिहीत भिंतीपाशी आल्या, घंटा झाली, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "थांबा रे, मधलं राह्यलं अजून." आणि उजवीकडे वळल्या. समोर ओला गिलावा. खडू धरलेला हात तसाच वर राहिला.

बाईंनी खडू डबीत टाकला आणि बाहेर निघून आल्या. माझ्या शेजारून जाताना म्हणाल्या, "सर, फळा बी कापला ओ ह्यांनी."

पलीकडे काय चाललं होतं तेही सांगतो. पलीकडे नवे मुख्याध्यापक आले होते, नवी घंटा आली होती. दोन्ही शाळांच्या घंटा एकामागून एक वाजायच्या, त्यामुळे गावाला आता कुठलीच वेळ धड कळत नसे. विज्ञानाचा शिक्षक मात्र आला नव्हता. पोरं त्या अर्ध्या हॉलात येऊन बसायची, तास संपेपर्यंत बाकं मोजायची आणि जायची. मराठीचा विज्ञानाचा तास आणि त्यांचा मोकळा तास एकाच वेळी असायचा. वेळापत्रक जुनंच होतं, ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ते बाईंच्या लक्षात आलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायला लागल्या. आधी मराठीत सांगायच्या, मग तोंड वर करून, त्या फटीकडे बघत, उर्दूत. अख्खा धडा. आवाज पत्र्यावर आपटून पलीकडे पडायचा. पहिल्या दिवशी पलीकडे कुजबुज झाली, मग बाकं सरकल्याचा आवाज, मग वह्यांची पानं उलटल्याचा. बाईंनी विचारलं, "लिखरे क्या?" पलीकडून सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, "हौ आपा!"

ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं. आकृतीचं काय करायचं? पलीकडे शाहीन नावाची एक मुलगी होती, दहावीतली, हात चांगला. बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं. दिसत नसताना. आणि भिंतीच्या अलीकडून त्या आकृती बोलायच्या आणि शाहीन पलीकडे काढायची. "बीच में सांस की नली. सीधी. अब उस के नीचे दो शाखां. हुआ?" "हुआ आपा." "दोनो तरफ फेफडे. दाएं कू तीन कप्पे, बाएं कू दो." "हुआ आपा." इकडची मराठीची पोरंही हातातलं काम सोडून ऐकत बसायची. आपल्या वहीत तीच आकृती असूनही ती तिकडे कशी उमटत असेल याचीच सगळ्यांना उत्सुकता.

मधल्या सुट्टीत बाई तिकडच्या खिडकीतून डोकावल्या. शाहीननं फुप्फुसांची अदलाबदल केली होती. तिच्या उजव्या हाताकडे तीन कप्पे, डाव्या हाताकडे दोन. चूक तिची नव्हती. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं, हे दिसल्याशिवाय कसं कळणार? बाई खिडकीच्या गजांना धरून कडाडल्या, "काहून गं, तू काय त्याच्या पाठीमागं उभी हायेस?" मराठीतून. शाहीननं शेजारी पाहिलं, तर शेजारी अर्थ सांगायला आता कुणी नव्हतं. क्षणभर थांबून तिची तीच हसली. तिला समजलं होतं. फळा पुसून तिनं पुन्हा काढलं, यावेळी बरोबर.

त्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये बसून पुष्कळ वेळ नुसतं हळकुंड चघळत होत्या. "पोरगी हुशार हाय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेली यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

हे चाललं महिना-दीड महिना. मग कुणीतरी चहाडी केली. बाईंना संस्थेचं पत्र आलं: आपण आपल्या शाळेच्या वेळेत दुसऱ्या शाळेच्या विद्यार्थ्यांना का शिकवता, याचा खुलासा करावा. बाईंनी खाली एका ओळीत खुलासा केला, 'माझा आवाज मोठा आहे.' आणि सही. मुख्याध्यापकांनी ते पत्र मला दाखवलं आणि म्हणाले, तुम्ही तरी समजवा. मी म्हणालो, मी मराठीचा शिक्षक आहे, वाक्यात मला काही चूक दिसत नाही.

बाई हिंगोलीला गेल्या. शिक्षणाचं कार्यालय तेव्हा भाड्याच्या जागेत होतं, निम्म्या खुर्च्या अजून सुतळीनं बांधलेल्या. मी बरोबर गेलो होतो. साहेबांनी नम्रपणे ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, कागदावर दोन शाळा आहेत. त्या शाळेनं आमच्याकडे तक्रार केली तर बघू." बाई म्हणाल्या, "त्या शाळेत तक्रार कोन करणार? तिथले मुख्याध्यापक करणार व्हय? ज्याला त्या भिंतीमुळं खुर्ची मिळाली तो?" साहेब म्हणाले, "तुमची तळमळ समजते हो." उचलली जीभ लावली टाळ्याला. तळमळ समजली म्हणणाऱ्या माणसापासून देवानं सगळ्यांना दूर ठेवावं. बाई उठल्या, दारात थांबल्या, आणि म्हणाल्या, "साहेब, कागदावर दोन शाळा हायेत ना? मग कागदावरच शिकवा त्यायला." एसटीत बसल्यावर हिंगोली ते गाव त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काही चूक केली नव्हती, तरी शेजारी तेवढा मीच होतो.

आम्ही परत आलो त्याच आठवड्यात गवंडी आला. परीक्षा तोंडावर आली असताना त्या फटीत विटा भरल्या. वरून सिमेंट. यावेळी विटा कमी पडल्या नाहीत.

बाईंनी आवाज चढवला. मी शपथेवर सांगतो, ती बाई विटांच्या भिंतीतून शिकवायचा प्रयत्न करत होती. भिंतीला तोंड लावून, नसा फुगवून, एकेक शब्द. इकडच्या पोरांच्या कानठळ्या बसायच्या, तिकडे नुसता घुमारा जायचा. पलीकडून भिंतीवर टकटक व्हायची. त्याचा अर्थ, समझा नहीं आपा. बाई पुन्हा ओरडायच्या. पुन्हा टकटक. एका सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, घशात गाठी झाल्यात, बोलणं बंद ठेवा. ठेवलं. पण तो आवाज बसला तो बसलाच. पुढे कुजबुजीएवढा परत आला, त्यापलीकडे कधीच नाही.

निकाल लागला. उर्दू शाळेची निम्म्याहून जास्त पोरं विज्ञानात नापास झाली. संस्थेच्या बैठकीत म्हणे कुणीतरी म्हणालं, त्या पोरांचं अभ्यासात लक्षच नसतं. मी तिथे नव्हतो, हे त्या माणसाचं नशीब. शाहीन पास झाली. गुणपत्रिका घेऊन ती बाईंच्या घरी आली, आईला घेऊन, पेढे घेऊन. मी तिथेच बसलो होतो. बाईंनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरली, विज्ञानाचे गुण पाहिले, पोरीच्या गालावर हात ठेवला. मग त्या घोगऱ्या कुजबुजीत एकच शब्द विचारला.

"बाकीची?"

शाहीन रडायला लागली. बाईंनी पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला. तो पुडा कुणी उघडला नाही.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ विज्ञानाच्या हॉलमध्ये, म्हणजे आमच्या अर्ध्या हॉलमध्ये झाला. उर्दू शाळेला निमंत्रण नव्हतं, दुसरी शाळा. भिंतीपलीकडे त्यांचा मोकळा तास नेहमीसारखा चालू होता. इकडे सतरंजी, हार, लाऊडस्पीकर. सचिव बोलायला उभे राहिले. काय बोलले माहीत आहे? म्हणाले, "बाईंनी या शाळेत दोन भाषा एकत्र नांदवल्या. त्यांचा आदर्श आम्ही कायम डोळ्यांसमोर ठेवू." त्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून बोलले. तिच्यावर त्यांची सावली पडली होती. टेबलावर सत्काराचा नारळ होता. तो उचलून कुठे मारावा याचा मी गंभीरपणे विचार केला. शेजारच्या सरांनी माझा हात धरला होता, म्हणजे त्यांनाही कळलं असावं.

मग बाईंच्या अंगावर शाल घातली आणि माइक त्यांच्यापुढे धरला. या आवाजात त्या काय बोलणार, असं प्रत्येकाला वाटलं. बाईंनी माइक हातानं बाजूला सारला. शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. तेलाची डबी उघडून खडूचा तुकडा घेतला आणि फळ्याकडे वळल्या. आमच्या अर्ध्या फळ्यावर, भिंतीला लागून, त्यांनी एक फुप्फुस काढलं. तीन कप्प्यांचं. मग श्वासनलिकेची अर्धी बाजू, वरून खाली, अगदी भिंतीच्या कडेला घासत. बाणांना मराठीत नावं दिली. आणि काही न बोलता हॉलच्या दारातून बाहेर गेल्या.

सचिवांना वाटलं बाईंना बरं वाटत नाही. "पाणी द्या रे कुणी," म्हणाले. पण बाईंची चप्पल बाहेरून भिंतीच्या अंगानं चाललेली ऐकू येत होती, कुंपणाच्या फाटकाची कडी वाजली, मग पलीकडचं दार. पलीकडे एकदम सगळी बाकं सरकली आणि एका सुरात आरोळी आली, "आपाऽ!"

आमच्याकडची एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. दहावीतली. हातात वही. ती कुणाकडेही न बघता बाहेर गेली, तिकडे वळली. तिच्यामागून दोन पोरं. मग पहिली रांग, मग सगळीच, सतरंजी तुडवत, एकमेकांना ढकलत. मुख्याध्यापक "बसा, बसा" म्हणत राहिले. मीही उठलो. दारातून वळून पाहिलं, तर खुर्च्यांवर सचिव आणि त्यांचा जावई, आणि टेबलावर तो नारळ.

पलीकडे फळ्यापाशी बाई उभ्या होत्या. श्वासनलिकेची दुसरी बाजू झाली होती, दोन कप्प्यांचं फुप्फुस झालं होतं, त्या शेवटच्या बाणाला उर्दूत नाव देत होत्या. अर्ध्या हॉलात दोन्ही शाळांची पोरं कोंबली गेली होती, खिडकीच्या गजांना लटकली होती. एका उर्दूच्या पोरानं बाकावर सरकून मराठीच्या पोराला जागा दिली. बाईंनी वळून पाहिलं. रागावलेल्या दिसल्या, म्हणजे खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी शिपायाला फळा पुसायचा हुकूम झाला. त्यानं आमच्याकडचा पुसला. पलीकडची दुसरी शाळा, तिथला हुकूम त्याला कोण देणार?

दोन पावसाळ्यांनी बाई गेल्या. घशाचंच दुखणं वाढलं. माती करून परत आल्यावर मी घरी न जाता शाळेकडे गेलो. रविवार होता. उर्दूच्या अर्ध्या हॉलच्या खिडकीतून डोकावलो. ते फुप्फुस फळ्यावर तसंच होतं. पुसट झालेल्या रेघा पोरांनी पुन्हा पुन्हा गिरवल्या होत्या, वेगवेगळ्या हातांनी, त्यामुळे ते थोडं वाकडं आणि मूळच्यापेक्षा मोठं झालं होतं. कप्पे मात्र दोनच. बाकीचा फळा कोरा होता. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा अजून भरलेली नव्हती.